भुवयांतला होकार

ई-बाईकला नंबरप्लेट लागणार, चालवणाऱ्याला परवाना लागणार आणि वर विमाही काढावा लागणार, ही बातमी आमच्या गल्लीत आली ती सोमवारी सकाळी, पावाच्या दुकानासमोर. अजून तो नुसता प्रस्ताव होता. शनिवारी बरांगायच्या, म्हणजे आमच्या वॉर्डाच्या, कचेरीत वाहतूक खात्याचा माणूस येणार, लोकांचं म्हणणं ऐकणार आणि मग काय ते ठरणार. पण आमच्या लोकांना प्रस्ताव आणि कायदा यांतला फरक समजावत बसायला कुणाकडे वेळ होता? पाव गार व्हायच्या आत सगळ्यांचं दोन गोष्टींवर एकमत झालं. एक म्हणजे मनिलातल्या साहेबांना काही कामधंदा उरलेला नाही. दुसरी म्हणजे शनिवारी बोलायचं ते पुरिंगने.

पुरिंगने का, असं कुणी विचारलं नाही. पुरिफिकासियोन दिमायुगा, वय वर्षं त्रेसष्ट, ही आमच्या सान पाब्लोत तळ्याच्या बाजूला ई-बाईक घेणारी पहिली बाई. तिची तीनचाकी, हिरवी, मागे दोन माणसांचं बाक असलेली गाडी सगळा बाजार ओळखतो. गल्लीतल्या चौदा बायका तिच्याकडे गाडी शिकल्या. त्या पुढे आणि ही मागे बसून ओरडायची, "अगं, आधी ब्रेक शोध! बाकीचं देव बघेल!" अशा बाईने बोलायचं नाही तर काय पावाच्या दुकानदाराने बोलायचं?

"आते, तुम्ही उभ्या राहिलात की तो साहेब आल्या पावली परत जाईल बघा," एक शिष्या म्हणाली. आते म्हणजे ताई. गल्लीतल्या बायका तिला आतेच म्हणतात.

"जाईल, जाईल," पुरिंग म्हणाली आणि पावाची पिशवी तिथेच काउंटरवर विसरून घरी निघाली. पिशवी घ्यायला अर्ध्या वाटेतून परत आली. तिचं चित्त तेव्हापासूनच थाऱ्यावर नव्हतं.

कारण परवाना म्हणजे डॉक्टरचा कागद. डॉक्टरचा कागद म्हणजे भिंतीवरची अक्षरं. आणि ती अक्षरं पुरिंगला वाचता येणार नव्हती.

हे तिच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. निदान तिला तरी तसं वाटत होतं.

मागच्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, ती नवऱ्याचं थडगं धुवायला गेली होती. दगड घासून लख्ख केला, मेणबत्त्या लावल्या, आणि नाव वाचायला गेली तर नावाच्या कडा जाग्यावर आणि मधली अक्षरं गायब. तिला वाटलं मेणबत्तीचा धूर असेल. धूर घरापर्यंत तिच्याबरोबर आला. दुसऱ्या दिवशीही होता. चष्म्याच्या दुकानातल्या मुलाने चार भिंगं बदलून पाहिली आणि सांगितलं, "लोला, चष्म्याने होणार नाही हे. आतला पडदा खराब होतोय. मनिलाच्या मोठ्या इस्पितळात दाखवा, लवकर." आमच्याकडे आजीच्या वयाच्या कुठल्याही बाईला लोलाच म्हणतात, पण त्या दिवशी पुरिंगला तो शब्द झोंबला. "जाते हो," म्हणाली, आणि गेली नाही. एकदा कुणी कागदावर लिहून दिलं की ते खरं झालं, असा तिचा हिशोब.

दिसायचं सगळंच बंद झालं होतं असंही नाही. बाजूची गटारं दिसत, आडवी येणारी कुत्री दिसत, नारळाच्या गाड्या दिसत. फक्त जिथे नजर रोखावी तिथेच नेमका तो धूर. रस्ता तिला तोंडपाठ होता, त्यामुळे गाडी चालत होती. अडायचं ते माणसांच्या चेहऱ्यांपाशी.

आणि आमच्याकडे निम्मं बोलणं चेहऱ्यावरच होतं. 'हो' म्हणायला आम्हाला तोंड उघडावं लागत नाही, भुवया उचलल्या की झालं. वाट दाखवायला हात वर करायचा कंटाळा. ओठांचा चंबू करून ज्या दिशेला जायचं तिकडे ढकलला की समोरचा समजतो. पुरिंगला आता भुवया दिसत नव्हत्या आणि ओठही दिसत नव्हते.

त्यामुळे झालं असं की समोरच्या घरातली चोलेंग, पुरिंगची चाळीस वर्षांची मैत्रीण, जानेवारीतच भडकली.

"भात झाला का गं?" पुरिंगने दारातून विचारलं होतं. चोलेंगने भुवया उचलल्या.

"झाला का म्हणते मी!"

चोलेंगने पुन्हा भुवया उचलल्या, या वेळी जरा जास्त.

"तोंडात दगड धरलायस का? भात झाला की नाही?"

"अगं झाला, झाला, झाला! किती वेळा सांगू? बहिरी झालीस की काय तू?"

पुरिंग दारातून एक पाऊल पुढे आली. मग म्हणाली, "काय म्हणालीस?"

बस. त्या एका प्रश्नाने सगळ्या गल्लीची खात्री पटली. पुरिंगचे कान गेले. चोलेंगने लसूण घालून तेल कढवलं आणि चार वेळा, पुरिंगचं डोकं आपल्या मांडीवर घेऊन, तिच्या कानात ओतलं. पोरं तिला पाहून ओरडायला लागली, "लो-ला! गुड मॉर्निंग!" पाववाला तर इतक्या जोरात हिशोब सांगायचा की पलीकडच्या गल्लीला पुरिंगने काय घेतलं ते कळायचं. खरं म्हणजे तिचे कान असे तिखट की चोलेंग आपल्या घरात सुनेबद्दल काय पुटपुटते तेही तिला ऐकू यायचं. पण तिने कुणाचा गैरसमज दूर केला नाही. बहिऱ्या बाईच्या हातून कुणी गाडी काढून घेत नाही, आंधळीच्या हातून घेतात. उलट तिला या बहिरेपणाची सवयच झाली. नको ते ऐकायचं नसलं की तिला हल्ली ऐकू यायचं नाही.

गाडी म्हणजे तिला काय होती, हे सांगितल्याशिवाय तिची ही लबाडी कळायची नाही. तिचा नवरा इस्को ट्रायसिकल चालवायचा. मोटारसायकलला जोडलेल्या त्या डब्यात पुरिंग एकतीस वर्षं बसली, मांडीवर एस्पासोलचे डबे घेऊन. भाजलेल्या तांदळाच्या पिठाचं आणि नारळाच्या दुधाचं हे मऊ लांबट पक्वान्न करावं तर पुरिंगनेच. पण बाजारात कधी जायचं, कुठे थांबायचं, परत कधी फिरायचं, हे इस्को ठरवायचा. माणूस वाईट नव्हता. हँडलला मात्र हात लावू द्यायचा नाही. "तुझं काम बसायचं," म्हणायचा, आणि स्वतःच्याच विनोदावर हसायचा. तो झोपेतच गेला. पुरिंगने चाळीस दिवस पाळले, ट्रायसिकल दिराला विकली आणि थेट ई-बाईकच्या दुकानात गेली.

"परवाना लागतो?" तिने विचारलं होतं.

"छे हो."

"नंबर? कागद? कुणाची सही?"

"काही नाही. बसा आणि जा."

हे तिने तीन वेळा वदवून घेतलं. सत्तावन्नाव्या वर्षी ती पहिल्यांदा हँडल धरून रस्त्यावर आली आणि त्या दिवशी तळ्याला तिने सात फेऱ्या मारल्या. कुठेही जायचं नव्हतं, नुसत्या फेऱ्या. सातव्या फेरीला ती मोठ्याने गात होती असं पाहणारे सांगतात. आता सहा वर्षं ती त्याच गाडीवर एस्पासोल विकायला जाते आणि तैवानच्या कारखान्यात कामाला असलेल्या लेकीची लेक, आठ वर्षांची निंगनिंग, हिला शाळेत सोडते.

निंगनिंग मागे बसून गुणगुणल्यासारखं काहीतरी बोलत असते. "लाल लागला, लोला." "तो हो म्हणाला, लोला." "खड्डा आहे, लोला." पोरीला बडबडायची सवय आहे, असं पुरिंग म्हणायची. कधीपासून सवय लागली, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. पुरिंगला एका जागी बसवेना. बॅटरी पूर्ण भरलेली असताना पुन्हा चार्जिंगला लावली. गाडी दोनदा धुतली. एस्पासोलचं पीठ भाजताना करपलं, तिच्या हयातीत पहिल्यांदा. मंगळवारी दुपारी चोलेंग आली तेव्हा ती भिंतीवरच्या कॅलेंडरपासून पाच पावलं लांब उभी राहून मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वाकवत होती.

"काय करतेयस?" चोलेंग ओरडली.

"मान आखडलीय."

"भाषण लिहिलंस का शनिवारचं?"

"लिहायचं काय त्यात? सहा वर्षांत एक अपघात नाही माझा, एवढं सांगितलं की पुरे."

बुधवारी तेही सांगण्यासारखं उरलं नाही.

शाळेसमोरच्या चौकात नारिंगी जाकीट घातलेली बेबेथ उभी असते. बरांगायने तिला रहदारीसाठी नेमलेलं. तिशीची, हडकुळी, स्वभावाने गरीब. त्या सकाळी समोरचा रस्ता गटाराच्या पाइपसाठी खणलेला होता. लाल चिंध्यांची दोरी ताणलेली होती, पण सिमेंटच्या ट्रकसाठी ती नुकतीच खाली सोडली होती. बेबेथच्या एका हातात शिट्टी, दुसऱ्या हाताने ती एका पोराचं दप्तर धरून त्याला रस्ता ओलांडून नेत होती.

"बेबेथ, सरळ जाऊ ना गं?" पुरिंगने गाडी हळू करत विचारलं.

बेबेथने ओठांचा चंबू करून तो डावीकडे ढकलला. चांगला दोनदा. पुरिंगला तिच्या जाकिटाच्या वर फक्त तो ओळखीचा धूर दिसला. धूर गप्प होता. गप्प म्हणजे हो, असं धरून ती धुराकडे बघून हसली, आणि सरळ गेली.

"लोला! लोला, नको!" निंगनिंग किंचाळली. ते पुरिंगला स्पष्ट ऐकू आलं. पुढचं चाक तोवर खड्ड्यात उतरलं होतं.

खड्डा कमरेएवढाच होता म्हणून निभावलं. पुरिंगला खरचटलं सुद्धा नाही. एस्पासोलचे डबे चिखलात गेले. निंगनिंगची हनुवटी बाकाच्या दांडीवर आपटली आणि फाटली. आरोग्य केंद्रात तीन टाके पडले. टाके पडत असताना पोर रडली नाही, लोलाच्या हाताला घट्ट धरून बसली. पुरिंग मात्र रडली, आणि जमलेल्या बायका म्हणाल्या, बिचारीला धक्का बसलाय.

मग दोष कुणाचा ते ठरवायची वेळ आली. त्याला आमच्याकडे फारसा वेळ लागत नाही.

"मी डावीकडे दाखवलं होतं!" बेबेथ कळवळून म्हणाली.

"दाखवलंस ना? ओरडली का नाहीस? आते पुरिंगला ऐकू येत नाही हे सगळ्या सान पाब्लोला माहीत आहे!"

"अहो, पण बहिऱ्या माणसाला ओठ दिसतात की!"

वाक्य इतकं सरळ होतं की कुणीही थांबून विचार केला असता तर सगळं उलगडलं असतं. पण शनिवारी बोलणार होती पुरिंग, आणि शनिवारच्या आधी पुरिंगची चूक निघणं कुणालाच परवडणारं नव्हतं. संध्याकाळी बरांगायच्या प्रमुखाने, कपितानने, बेबेथचं जाकीट काढून घेतलं. पुरिंग तिथेच उभी होती. तिने तोंड उघडलं, आणि चोलेंग तिच्या कानात ओरडली, "तू काही बोलू नकोस, आम्ही बघतो!" पुरिंगने तोंड मिटलं. स्वतःची एवढी घाण तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

गुरुवारी निंगनिंग लवकर उठली. "मी चालत जाते, लोला. आज वर्ग झाडायची पाळी आहे."

"सोडते की मी. गाडीला काही झालेलं नाही."

"चालायला मजा येते," निंगनिंग म्हणाली आणि हनुवटीवरची पट्टी सांभाळत निघून गेली. शुक्रवारीही तिचीच पाळी होती म्हणे.

गुरुवारी दुपारी बेबेथ दारात आली. जाकिटाशिवाय ती अजूनच हडकुळी भासत होती. पुरिंग ओट्यावर नारळ खवत बसली होती.

"लोला, मी काही भांडायला आले नाही," बेबेथ म्हणाली. "फक्त कपितानना एवढं सांगा, की मी डावीकडे दाखवलं. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. आठवतं ना?"

पुरिंगचा हात थांबला. समोर धूर होता, आणि धुराच्या कडेला बेबेथची रबरी चप्पल, तिचा अंगठा आत-बाहेर होत होता.

"काय म्हणतेस?" पुरिंग म्हणाली.

"मी दाखवलं होतं, लोला!"

"जरा मोठ्याने बोल, बाई."

बेबेथ मोठ्याने बोलली. मग ओरडून बोलली. शेवटी तिचा आवाज फाटला आणि गल्लीतल्या खिडक्या एकेक करून उघडल्या, आणि सगळ्यांच्या देखत ती बाई, जिने काही केलं नव्हतं, हात जोडल्यासारखी ओरडत राहिली, "मी दाखवलं होतं! मी दाखवलं होतं!" पुरिंगला पहिल्याच वेळी प्रत्येक शब्द ऐकू आला होता. तिने मान हलवली आणि खोबरं खवत राहिली. बेबेथ गेल्यावर पाहिलं तर खवणीवर बोट कापलं होतं आणि खोबरं लाल झालं होतं. तिने ते सगळं कोंबड्यांपुढे फेकलं.

शुक्रवारी तिने गाडीला हात लावला नाही. अंगणात येरझाऱ्या घालत राहिली. किल्ली ॲप्रनच्या खिशात टाकली, काढली, सांत निन्योच्या मूर्तीपुढे ठेवली, परत उचलली. बाळ येशूसमोर काही कबूल करावं तर त्याचाही चेहरा तिला दिसत नव्हता.

शनिवारी कचेरीचं सभागृह खच्चून भरलं. खुर्च्या संपल्या तेव्हा माणसं खिडक्यांत बसली. वाहतूक खात्याचा माणूस सालोंगा आडनावाचा, कोवळा, अतिशय अदबशीर. पडद्यावर चित्रं दाखवून त्याने नंबरप्लेट, परवाना, विमा सगळं समजावलं. कुणी ऐकलं नाही.

"माझी ई-बाईक ताशी वीसने जाते," एक जण उठून म्हणाला. "माझी सासू त्याहून जोरात धावते."

"मग सासूचाही विमा काढा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"नंबरप्लेट कुठे लावायची ते तुम्हीच ठरवा!"

सालोंगाही हसला. पण नंतर बोललेल्या दोघीतिघी हसल्या नाहीत. एकीचा लेक अधू, त्याला रोज व्यायामाला न्यावं लागतं. एकीला लिहिता-वाचता येत नाही, परीक्षा कशी देणार? त्यांचं म्हणणं खरं होतं. पुरिंग पहिल्या रांगेत निंगनिंगशेजारी बसून ऐकत होती. बेबेथ पार शेवटी, दाराला टेकून उभी होती. हे पुरिंगला निंगनिंगने हळूच सांगितलं. विचारलं नसताना सांगितलं.

"आते पुरिंग!" चोलेंग ओरडली. टाळ्यांचा कडकडाट झाला. चौदाच्या चौदा शिष्या उभ्या राहिल्या.

पुरिंग पुढे गेली. दुसरा माईक तिच्या हातात दिला गेला. सहा वर्षं, एक अपघात नाही, हे वाक्य तिने बुधवारीच टाकून दिलं होतं, आणि त्या जागी दुसरं वाक्य सापडलेलं नव्हतं.

"बाळा," ती सालोंगाला म्हणाली, "परवान्याला डोळे तपासणार का रे?"

सालोंगा इतका वेळ माईकमध्ये बोलत होता. पण समोर आजीच्या वयाची बाई, आणि विचारतेय साधं. त्याने माईक खाली ठेवला आणि आपल्या घरी आजीला देतो तसं उत्तर दिलं. भुवया उचलल्या.

पुरिंग थांबली. सभागृह तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघत होतं आणि ती त्याच्या उत्तराची.

"तपासणार का म्हणते मी."

त्याने पुन्हा भुवया उचलल्या, हसून, मान जराशी पुढे करून.

"मोठ्याने बोला साहेब!" चोलेंग ओरडली. "तिला ऐकू येत नाही!"

"मला ऐकू येतं," पुरिंग म्हणाली. माईकमधून ते अख्ख्या सभागृहाला ऐकू गेलं. "सगळं ऐकू येतं. तो डाव्या बाजूचा पंखा कुरकुरतोय, त्याला तेल हवंय. मागे कुणीतरी शेंगा सोलतंय. गुरुवारी बेबेथ माझ्या दारात ओरडत होती तेही पहिल्या शब्दापासून ऐकलं मी." तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "ह्या पोराने आत्ता भुवया उचलल्या की नाही, ते मला दिसलेलं नाही. चोलेंग, तू सांग. उचलल्या का?"

शेंगा सोलणारा थांबला. पंखा तेवढा कुरकुरत राहिला.

"उचलल्या," चोलेंग म्हणाली. "दोनदा."

"बुधवारी बेबेथने ओठांनी डावीकडे दाखवलं असणार. बेबेथ खोटं बोलत नाही. मला ओठ दिसत नाहीत. नोव्हेंबरपासून मला कुणाचाच चेहरा दिसत नाही." तिने माईक दोन्ही हातांनी धरला. "परवाना ठेवा नाहीतर काढा, ते तुमचं तुम्ही बघा. आत्ता ज्या बोलल्या त्यांचं खरं आहे, त्यांना त्रास होईल. विम्याचं मला कळत नाही. पण माझ्या मागे पोर बसत होतं. बये, तुला दिसतं का, हे मला कुणी विचारलं नाही, आणि कुणी विचारत नाही तोवर मी खुशाल चालवत होते. एवढंच."

ती परत फिरली. टाळ्या वाजल्या नाहीत. एक शिष्या शेजारणीला स्पष्ट म्हणाली, "झालं. आपल्याच माणसाने घालवलं." काही जणी त्यानंतर बरेच दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचा राग अगदीच अनाठायी होता असं मी म्हणणार नाही. चोलेंग मात्र वाटेत आडवी आली.

"चार वेळा!" ती दात-ओठ खात म्हणाली. "चार वेळा तुझ्या कानात तेल घातलं मी! मेले, एका शब्दाने सांगायचंस तरी!" आणि हे बोलता बोलताच तिने पुरिंगला मिठी मारली आणि हमसून रडायला लागली.

कपितानने तिथल्या तिथे कपाटातून नारिंगी जाकीट काढून बेबेथला दिलं. पुरिंग तिच्यापाशी गेली आणि माफी मागितली, सगळ्यांसमोर, पूर्ण वाक्यात. बेबेथने जाकीट अंगात चढवलं. ती हसली की तोंड फिरवून उभी राहिली, हे पुरिंगला कळायला मार्ग नव्हता, आणि निंगनिंगला विचारायचं धाडस झालं नाही.

साहेबाला दाखवायला शिष्यांनी सकाळी ढकलत आणलेली हिरवी गाडी बाहेर उन्हात तापली होती. पुरिंगने खिशातून किल्ली काढली, थोडा वेळ मुठीत धरली आणि चोलेंगच्या हातात दिली. चोलेंग ही तिची पहिली शिष्या. शिकली, पण स्वतःची गाडी कधी घेतली नाही. पुरिंग मागच्या बाकावर निंगनिंगशेजारी जाऊन बसली. सहा वर्षांत ती तिथे बसली होती ती फक्त दुसऱ्यांना शिकवताना. आता मांडीवर हात ठेवून बसल्यावर तिला एकतीस वर्षं एकदम आठवली, ट्रायसिकलचा तो डबा, इस्कोची पाठ.

"सोमवारी मनिलाला जायचं," चोलेंग हँडल धरत म्हणाली. "इस्पितळात. मी येणार बरोबर. ऐकलंस ना?"

"ओरडू नकोस. ऐकू येतं मला."

"सवय लागलीय, काय करू!"

"आधी ब्रेक शोध."

गाडी निघाली. तळ्याकडून वारा येत होता. कडेची नारळाची झाडं पुरिंगला नीट दिसत होती, एकामागून एक मागे जात होती. शाळेसमोरचा चौक आला. चोलेंगने वेग कमी केला, खणलेल्या रस्त्याला वळसा घालून गाडी डावीकडे घेतली. निंगनिंगने पुरिंगची बाही धरली होती. चौक मागे पडल्यावर तिने ती सोडली.

पुरिंगच्या ते लक्षात आलं. मग तिने नातीकडे तोंड वळवलं, त्या लहानशा धुराकडे, आणि विचारलं, "माझ्या मागे बसायला भीती वाटायची का गं तुला?"

पुरिंग वाट बघत राहिली. मग पोरीने तिचा हात उचलला, कापलेल्या बोटाला धक्का न लावता दुसरं बोट धरलं आणि ते आपल्या कपाळापाशी नेऊन भुवईवर ठेवलं.

बोटाखाली भुवई वर गेली.